लाइटिंग डिझायनरला कधी बोलवायचं आणि करारात काय लिहायचं

तुमचा प्रश्न असा: पुण्याजवळच्या एका शिक्षणसंस्थेसाठी तुमचं ऑफिस ग्रंथालय आणि साडेतीनशे खुर्च्यांचं सभागृह करतंय. वरचा स्लॅब अजून पडायचाय, फॉल्स सीलिंगची ड्रॉइंग्ज सुरू व्हायची आहेत. एक लाइट कंपनी डिझाइन फुकट करून द्यायला तयार आहे. इलेक्ट्रिकल कन्सल्टंट म्हणतात, लक्स कॅल्क्युलेशन, म्हणजे कुठे किती प्रकाश पडेल याचा हिशेब, आम्हीच देऊ. आणि विश्वस्त विचारताहेत की मग लाइटिंग डिझायनर नावाच्या आणखी एका माणसाला फी कशासाठी. घ्यायचाच तर कधी घ्यायचा, आणि कुणाचं काम कुठे संपतं हे कसं ठरवायचं?

घ्यायचा असेल तर याच आठवड्यात घ्या. सीलिंगची ड्रॉइंग्ज झाल्यावर आलेला लाइटिंग डिझायनर फार तर फिटिंग निवडून देतो, आणि नुसती फिटिंग निवडायला वेगळ्या फीची खरोखरच गरज नाही. त्याचं काम त्याआधीचं असतं आणि ते जवळजवळ सगळं इतरांच्या हद्दीत असतं. प्रकाश दिसतो तो एकाने बांधलेल्या भिंतीवर, दुसऱ्याने आखलेल्या छताखाली, तिसऱ्याने ओढलेल्या वायरीवर आणि चौथ्याने ठेवलेल्या कपाटावर. या चौघांचे निर्णय पक्के व्हायच्या आत ते एकमेकांशी जुळवून घ्यायचे, हा या व्यवसायाचा गाभा. त्यामुळे तुमच्या प्रश्नातला ‘हद्दीं’चा भाग मला फीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आधी फुकटच्या डिझाइनबद्दल. कंपन्यांचे ॲप्लिकेशन इंजिनिअर बरेचदा उत्तम असतात. आपल्या कॅटलॉगमधली प्रत्येक लेन्स त्यांना पाठ असते आणि डायलक्स या प्रकाशाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा हात माझ्यापेक्षा जलद चालतो. त्यांच्याशी वैर धरायचं कारण नाही. मी स्वतः रोज त्यांना फोन करते. पण त्यांचा पगार फिटिंगच्या किमतीतून निघतो, म्हणजे तुमच्या विश्वस्तांनी डिझाइनचे पैसे दिलेलेच असतात, फक्त ते वेगळ्या ओळीत दिसत नाहीत. दुसरं म्हणजे ते डिझाइन त्या कंपनीच्या कॅटलॉगपुरतं असतं. जिथे एकही फिटिंग न लावता, भिंत पांढरी करून किंवा खिडकी दोन फूट वर सरकवून काम होतं, तिथे ‘इथे काही लावू नका’ असं सांगणं त्यांच्या फायद्याचं नसतं. आणि तिसरी गोष्ट, जी टेंडर उघडल्यावर लक्षात येते: शिक्षणसंस्थेत तीन कोटेशन घ्यावीच लागतात. समजा दुसरीच कंपनी स्वस्त निघाली. मग पहिल्या कंपनीने केलेल्या डिझाइनला कुणी वाली उरत नाही. पहिली कंपनी साइटवर कशाला येईल? दुसरी कंपनी फक्त वॉट आणि आकार जुळवते. चौकोनी जागी चौकोनी फिटिंग बसतं, आणि मूळ विचार तिथेच संपतो.

स्वतंत्र डिझायनर म्हणजे काय, हेही तपासून घ्या. आपल्याकडे आर्किटेक्टला १९७२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. लाइटिंग डिझायनरला तसा कुठलाही परवाना नाही. उद्या दुकानदारही कार्डावर ‘लाइटिंग कन्सल्टंट’ छापू शकतो, आणि छापतोही. १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली लाइटिंग डिझायनर्सची आंतरराष्ट्रीय संघटना, आयएएलडी, आपल्या व्यावसायिक सदस्यांना उपकरणांच्या विक्रीत हितसंबंध ठेवू देत नाही. तुमचा माणूस तिचा सदस्य असलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. पण ‘फिटिंगवर कुणाकडूनही, कुठल्याही रूपात कमिशन घेणार नाही’ हे वाक्य करारात घाला आणि ते वाचताना समोरच्याचा चेहरा बघा. तुमच्या बाजूनेही हे लागू आहे: आर्किटेक्टच्या १९८९ च्या व्यावसायिक वर्तनाच्या नियमांत काम मिळवण्यासाठी किंवा मिळवून देण्यासाठी कमिशन आणि भेटवस्तूंची देवाणघेवाण बसत नाही. आपल्या धंद्यात ‘डिस्काउंट आर्किटेक्टच्या नावाने’ ही पद्धत किती मुरलेली आहे ते तुम्हाला सांगायला नको. विश्वस्तांना मात्र ती चांगली माहीत असते, आणि म्हणूनच ते नव्या माणसाकडे संशयाने बघतात.

आता इलेक्ट्रिकल कन्सल्टंट. ते लक्स कॅल्क्युलेशन देतील आणि ते बरोबरही असेल. फक्त ते कशाचं आहे ते बघा. सहसा जमिनीपासून पाऊण मीटरवर एक काल्पनिक आडवं प्रतल धरून त्याची सरासरी काढलेली असते. आपलं प्रकाशाचं भारतीय मानक, आयएस ३६४६, प्रत्येक प्रकारच्या कामाला एक नव्हे, तीन आकडे देतं; सर्वसाधारण ऑफिससाठी ३००, ५०० आणि ७५०. कुठला घ्यायचा हे वापरणाऱ्याचं वय, काम किती बारीक आहे आणि चुकलं तर काय बिघडतं यावर ठरवायचं असतं. पण व्यवहारात मधला आकडा उचलला जातो, सगळ्या मजल्याला लावला जातो आणि सीलिंगवर दोन बाय दोनचे पॅनल ओळीत बसतात.

ग्रंथालयात हे हमखास फसतं. पुस्तकाचा कणा उभा असतो. सात फुटी रॅकच्या खालच्या कप्प्यात, जमिनीपासून जेमतेम सहा इंचांवर, कॉल नंबर, म्हणजे पुस्तकाची जागा सांगणारा क्रमांक, वाचायचा असतो. युरोपचं मानक ईएन १२४६४-१ वाचायच्या जागेला ५०० लक्स मागतं आणि पुस्तकांच्या रॅकला २००, पण हे २०० उभ्या पृष्ठभागावर. दोन रॅकमधल्या बोळात जमिनीवर ४०० लक्स असूनही खालच्या कप्प्यात वाचता येत नाही, हे कुठल्याही कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बघा. ग्रंथपाल मोबाइलचा टॉर्च लावून पुस्तक शोधताना दिसतील. उपाय अवघड नाही. बोळाच्या बरोबर मधोमध, बोळाला समांतर, दोन्ही बाजूंना प्रकाश फेकणाऱ्या लेन्सचं लांबट फिटिंग लावायचं. वीजही कमी लागते.

पण इथेच दुसऱ्याची हद्द आडवी येते. आपल्याकडे फर्निचरचं टेंडर वेगळं आणि सगळ्यात शेवटी निघतं. तोपर्यंत रॅकची खोली बदलते, ग्रंथपाल बदलतात, स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी वीस टेबलं वाढतात, आणि रॅकची रांग दोन फूट सरकते. मग बोळाच्या मधोमध असलेलं फिटिंग रॅकच्या डोक्यावर येतं. त्यामुळे पहिल्या बैठकीत चांगला लाइटिंग डिझायनर फिटिंगबद्दल बोलणार नाही. तो विचारेल, रॅकचा लेआउट कोण आणि कधी पक्का करणार? उत्तर ‘नंतर बघू’ असेल, तर तो दिव्यांच्या रांगा बोळांना आडव्या टाकेल. कार्यक्षमता थोडी घटते, पण रॅक कुठेही सरकले तरी चालतं. किंवा दिवे रॅकलाच बसवेल, मग जमिनीत किंवा वरून पॉइंट लागतील, ते इलेक्ट्रिकलच्या ड्रॉइंगमध्ये यायला हवेत आणि रॅकवाल्याच्या टेंडरमध्ये त्याची तरतूद हवी. बघा, एका साध्या प्रश्नाने चार जणांची ड्रॉइंग्ज हलली. हे काम लक्स कॅल्क्युलेशनमध्ये येत नाही, आणि इलेक्ट्रिकल कन्सल्टंटच्या फीमध्येही नाही; त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

त्यांचं जे आहे ते त्यांचंच राहू द्या. लोड, सर्किट, वीज वाटणारी पेटी (डीबी), केबलचा साइझ, अर्थिंग, सर्ज प्रोटेक्शन, फायर एनओसीसाठी लागणारे इमर्जन्सी दिवे, वीज कंपनीची कागदपत्रं. लाइटिंग डिझायनरने यात नाक खुपसू नये. ग्रीन रेटिंग किंवा ऊर्जाबचतीची इमारत संहिता (ईसीबीसी) लागू असेल, तर वॉट प्रति चौरस मीटरची मर्यादा दोघांनी मिळून पाळायची आणि तक्ता इलेक्ट्रिकलने भरायचा.

जास्त वेळ मी सेक्शनवर, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाच्या ड्रॉइंगवर, घालवेन, कारण बहुतेक भांडणं तिथे जन्मतात. प्लॅनमध्ये दिवा हा एक गोल ठिपका असतो. सेक्शनमध्ये त्याला खोली असते, त्याच्या मागे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज देणारा डबा, असतो, ड्रायव्हरला हवा लागते, आणि त्याच जागेतून एसीचा डक्ट, स्प्रिंक्लरचा पाइप आणि केबल ट्रे जायचा असतो. बीमच्या खाली डक्ट, डक्टच्या खाली इन्सुलेशन, त्याखाली सीलिंगची फ्रेम असं मोजत आलं की दिव्याला तीन इंच उरतात, आणि डोळ्यांत न खुपणारं, आत खोल बसणारं डाउनलाइट मागतं सहा. मग साइटवर उथळ फिटिंग येतं आणि सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला दिव्याचा उघडा ठिपका दिसत राहतो. हे टाळायचं असेल तर एसी कन्सल्टंटने डक्टचा मार्ग पक्का करण्याआधी तिघांनी एकाच सेक्शनवर बसायला हवं. तास-दीड तासाची बैठक असते. ती न झाल्यामुळे होणारा खर्च मात्र प्रत्येक प्रोजेक्टमध्ये दिसतो.

कोव्हचंही, म्हणजे एलईडीची पट्टी लपवून छत उजळणाऱ्या खाचेचंही, तसंच. ‘इथे इनडायरेक्ट लाइट’ असं लिहून एक तुटक रेघ मारली की आर्किटेक्टचं काम संपत नाही. पट्टी आणि वरचं छत यांत किती अंतर आहे, पुढचा ओठ किती उंच आहे, पट्टी मागच्या भिंतीपासून किती पुढे आहे, यावर छत एकसारखं उजळणार की फक्त कडेला एक प्रखर पट्टा पडणार हे ठरतं. छत जितकं जवळ, तितका पट्टा कडक. ओठ प्रकाश अडवतो, आणि ओठ खाली केला तर पट्टी दिसते. सभागृहात तर बाल्कनीतून किंवा मागच्या उंच रांगेतूनही दिसते, जिथून सेक्शन कुणी तपासलेलाच नसतो. छत चकचकीत रंगाचं असेल तर एलईडीचे मणी त्यात आरशासारखे उमटतात. म्हणून कोव्हचा मोठ्या स्केलचा डिटेल लाइटिंग डिझायनरने काढायचा, आर्किटेक्टने तो आपल्या ड्रॉइंगमध्ये घ्यायचा, आणि सीलिंगवाल्याने त्यावरून शॉप ड्रॉइंग करून दोघांची सही घ्यायची. आणि ड्रायव्हर कुठे, हे त्याच डिटेलमध्ये दाखवायचं. कमी व्होल्टेजच्या पट्टीला लांबून वायर आणली की टोकाकडे प्रकाश मंदावतो, त्यामुळे ड्रायव्हर जवळ हवा. पण जिप्समच्या वर, हवा नसलेल्या जागी, ट्रॅपडोअरशिवाय तो पुरून टाकला की तापून लवकर जातो आणि बदलायला सीलिंग कापावं लागतं. पट्टी सहसा टिकते, जातो तो ड्रायव्हर. आर्किटेक्टला सीलिंगवर ट्रॅपडोअर नको असतो हे मला ठाऊक आहे. मग ड्रायव्हर शेजारच्या स्टोअरमध्ये न्या आणि केबलचा साइझ वाढवा, पण हे आत्ता ठरवा.

सेक्शनवर एकत्र बसल्याने काय होऊ शकतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या किंबेल आर्ट म्युझियमचं वाटतं. अहमदाबादच्या आयआयएममुळे लुई कान तुम्हाला परका नाही. १९७२ मध्ये उघडलेल्या या म्युझियममध्ये सुमारे शंभर फूट लांबीच्या काँक्रीटच्या लांबट कमानी आहेत, आणि कमानीच्या नेमक्या माथ्यावर, जिथे कमान अखंड हवी, तिथे प्रकाशासाठी फट ठेवलेली आहे. इंजिनिअर ऑगस्ट कोमेंडांट यांनी ती कमान प्रत्यक्षात कमान म्हणून नव्हे तर वाकलेल्या तुळईसारखी, काँक्रीटमधल्या तारा ताणून, म्हणजे पोस्ट-टेन्शनिंगने, उभी केली. पण टेक्ससचं ऊन थेट चित्रांवर येऊन चालणार नव्हतं. लाइटिंग डिझायनर रिचर्ड केली यांनी फटीखाली छिद्रांच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा वाकलेला रिफ्लेक्टर सुचवला; तो ऊन अडवून परत वर, काँक्रीटच्या पोटावर फेकतो, आणि छतच उजळतं. यात फट कानची, तिला पेलणारा सांगाडा कोमेंडांटचा आणि रिफ्लेक्टर केलींचा असं कागदावर वाटता येतं. जागेत मात्र एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. काँक्रीट इतकं गुळगुळीत हवं होतं तेही त्यावर प्रकाश पडणार होता म्हणून. तुमचा स्लॅब अजून पडायचाय, म्हणून हे सांगितलं. ग्रंथालयाच्या उत्तरेकडे उंच खिडकी शक्य असेल तर आत्ताच आरसीसी कन्सल्टंटला विचारा. दिवसा वाचनालयात दिवा लावावा न लागणं हेही प्रकाशयोजनेचंच काम आहे.

सभागृहात एक जास्तीची हद्द आहे. रंगमंचाचे दिवे थिएटर कन्सल्टंटचे, ते डीएमएक्स या नियंत्रणाच्या भाषेवर चालतात. प्रेक्षागृहाचे दिवे लाइटिंग डिझायनरचे, ते बहुधा डाली या दुसऱ्या भाषेवर असतील; डालीच्या एका लाइनवर जास्तीत जास्त ६४ ड्रायव्हर बसतात. पण नाटक सुरू होताना प्रेक्षागृहाचे दिवे हळूहळू विझवण्याचं बटण ऑपरेटरच्या बूथमध्ये हवं, आणि भाषणाच्या वेळी दाराजवळच्या भिंतीवरही. या दोन भाषांमधला दुवा कुणाच्या बीओक्यूमध्ये, म्हणजे टेंडरमधल्या कामाच्या आणि मालाच्या यादीत, आहे? मी पाहिलेल्या बऱ्याच सभागृहांत तो कुणाच्याच नव्हता. दिवे विझताना शेवटच्या टप्प्यात झटक्याने बंद होतात का, हेही तपासायला हवं: कॅटलॉगमधलं ‘डिमेबल’ म्हणजे शून्यापर्यंत सहज उतरणं नव्हे. आणि मंद केल्यावर कॅमेऱ्यात पट्टे दिसले, तर संस्थेच्या स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओत ते कायमचे राहणार. सभागृहाचं छत उंच आणि खुर्च्या पायऱ्यांवर, म्हणजे खाली शिडी उभी राहत नाही. कॅटवॉक नसेल तर दिवा बदलणार कसा, हे आर्किटेक्टला विचारण्याचा हक्क लाइटिंग डिझायनरला आहे, आणि विचारणं त्याचं कर्तव्य आहे.

म्हणून कामाला सुरुवात करण्याआधी एक कागद करा. उभ्या रकान्यांत माणसं, आडव्या ओळींत कामं, आणि प्रत्येक ओळीत ‘करणारा’ एकच. दोन नावं आली की ते काम होत नाही. सीलिंगचं मुख्य ड्रॉइंग, म्हणजे आरसीपी, एकच असेल आणि ते आर्किटेक्टचं असेल. लाइट, स्प्रिंक्लर, एसीचे ग्रिल, स्पीकर, स्मोक डिटेक्टर सगळे त्यावर येतील आणि बाकीच्यांनी स्वतःचं वेगळं आरसीपी साइटवर पाठवायचं नाही. वायरमन ज्याच्या हातात जे ड्रॉइंग पडेल त्यावरून छतात दिव्याचं भोक, म्हणजे कटआउट, मारतो. त्याचं काही चुकत नाही. डालीचे पत्ते देणार कोण, सीन (कुठल्या प्रसंगी कुठले दिवे किती, याची मांडणी) प्रोग्राम करणार कोण, ड्रायव्हर दिव्याबरोबर येणार की इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आणणार, कटआउटचं खडूने मार्किंग कोण तपासणार, इमर्जन्सीसाठी कुठली फिटिंग वापरायची: या ओळी मी कधीच गाळत नाही. बाकी प्रोजेक्टप्रमाणे.

आता टेंडर. ‘अथवा समकक्ष’ हे दोन शब्द बीओक्यूमध्ये लिहावेच लागतात, पण समकक्ष म्हणजे काय हे न लिहिता सोडलं तर कॉन्ट्रॅक्टर ते स्वतःच्या सोयीने ठरवतो. वॉट लिहू नका, किंवा फक्त वॉट लिहू नका. फिटिंगमधून प्रत्यक्ष बाहेर पडणारे लुमेन लिहा, बीमचा कोन लिहा, रंग ३००० केल्विन की ४००० ते लिहा, रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक, सीआरआय, ९० हवा असेल तर तसं, आणि एकाच रंगाच्या दोन दिव्यांत फरक दिसू नये म्हणून एसडीसीएम ३ किंवा कमी. ड्रायव्हर कुठल्या पद्धतीने मंद होतो आणि फ्लिकरची मर्यादा काय ते लिहा. फिटिंगच्या प्रकाशाच्या चाचणीचा एलएम-७९ आणि एलईडीचा प्रकाश किती टिकतो याचा एलएम-८० रिपोर्ट मागा, बीआयएस नोंदणी मागा, आणि वॉरंटी पाच वर्षं, ड्रायव्हरसकट, हे स्पष्ट करा. मग सॅम्पल. मंजूर झालेलं सॅम्पल सही करून, सील लावून साइट ऑफिसच्या कपाटात ठेवा. माल आला की त्यातलं एक उचलून सॅम्पलशेजारी पेटवून बघा. एका सेमिनार हॉलमध्ये सॅम्पल आणि माल यांचं डबडं एकच होतं, लेबल एकच होतं आणि आतली लेन्स वेगळी. कपाटातलं सॅम्पल नसतं तर ते सिद्ध करता आलं नसतं.

पैसे कमी करायची वेळ येणारच. ‘व्हॅल्यू इंजिनिअरिंग’च्या नावाखाली यादीतलं प्रत्येक फिटिंग वीस टक्के स्वस्त करायला सांगतील. यात सगळंच थोडं थोडं बिघडतं आणि कुणालाच काही वाचल्यासारखं दिसत नाही. डिझायनरकडून टेंडरबरोबरच एक खाजगी यादी घेऊन ठेवा: पैसे कमी पडले तर आधी काय गाळायचं. माझ्या मते आधी दर्शनी भागाचे शोभेचे दिवे जावेत, मग संख्या कमी व्हावी, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यावरच्या फिटिंगचा दर्जा सगळ्यात शेवटी. बाहेरून इमारतीवर रंगीबेरंगी झोत टाकायची हौस विश्वस्तांना असेलच. रोषणाईवर आपलं प्रेम आहे. ती पाच-सात दिवसांची असते तेव्हाच खुलते, एवढं मी सांगते आणि विषय बदलते.

काही संस्था दिवे स्वतः विकत घेऊन कॉन्ट्रॅक्टरला बसवायला देतात. मधला नफा वाचतो हे खरं. पण मग माल उतरवून घेणं, मोजणं, कुलपात ठेवणं संस्थेवर येतं, आणि दिवा बंद पडला की कंपनी म्हणते वायरिंग चुकलं, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो दिवाच खराब. संस्थेकडे जागेवर बसणारा इंजिनिअर असेल तरच या वाटेला जा.

फीबद्दल मोजकं. फिटिंगच्या किमतीच्या टक्केवारीवर फी ठेवू नका. दिवे महाग झाले की डिझायनरची फी वाढते, ही रचनाच चुकीची आहे. एकरकमी ठरवा आणि टप्प्यांत द्या: संकल्पना, डिटेल ड्रॉइंग, टेंडर, साइट. साइटच्या टप्प्याला निदान चौथा हिस्सा राखून ठेवा. आपल्याकडे ड्रॉइंग दिली की नव्वद टक्के फी वसूल करायची सवय आहे, आणि मग शेवटच्या महिन्यात, जेव्हा डिझायनरची खरी गरज असते, तेव्हा तो फोन उचलत नाही. साइटच्या भेटी किती हे लिहा, आणि त्यापुढच्या भेटीचा दरही. नेमणूक शक्यतो संस्थेने थेट करावी आणि समन्वय तुम्ही करावा. तुमच्या हाताखाली घेतलं तर जीएसटी, उशीर आणि वाद तिन्ही तुमच्या टेबलावर येतात. डिझायनरचं ऑफिस लहान असेल तर त्याची उद्यम नोंदणी असू द्या. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, आणि उशिरावर चक्रवाढ व्याज लागतं. कायदा दाखवायची वेळ सहसा येत नाही, पण करारात त्याचा उल्लेख असला की अकाउंट्सवाले फाइल वर घेतात.

बजेट खरोखरच तोकडं असेल तर पूर्ण नेमणुकीचा हट्ट धरू नका. कंपनीचं डिझाइन घ्या आणि स्वतंत्र डिझायनरला फक्त तीन ठिकाणी बोलवा: आत्ता सेक्शन तपासायला, टेंडरआधी स्पेसिफिकेशन वाचायला आणि शेवटी एमिंगला, म्हणजे दिवे जागेवर नेमके वळवायला. फी बरीच खाली येते. जबाबदारीही तेवढीच मर्यादित होते, हे मात्र विश्वस्तांना आधी सांगा.

एमिंगची रात्र कुणाच्याच वेळापत्रकात नसते. मराठी नाटकात प्रकाशयोजनाकाराचं नाव नेपथ्यकाराच्या शेजारी जाहिरातीत छापलं जातं, आणि रंगीत तालमीशिवाय प्रयोग लावायचा विचारही कुणी करत नाही. इमारतीची रंगीत तालीम म्हणजे ही रात्र: फर्निचर जागेवर, बाहेर अंधार, शिडीवर माणूस, आणि प्रत्येक फिरणारा दिवा नेमका वळवून घट्ट करायचा. मग सीनच्या पातळ्या बसवायच्या. हे उद्घाटनाच्या आदल्या रात्री करता येत नाही, कारण तेव्हा मांडववाले, फुलवाले आणि साउंडवाले हॉलमध्ये असतात. कॉन्ट्रॅक्टरच्या बार चार्टमध्ये उद्घाटनाच्या आधी दोन रिकाम्या रात्री आजच लिहून ठेवा, आणि शिडी किंवा स्कॅफोल्डिंग कुणी आणायचं तेही. काम सोपवताना संस्थेच्या वायरमनला एक वही द्या: कुठल्या जागी कुठलं फिटिंग, त्याचा ड्रायव्हर कुठे, बदली माल कुठून घ्यायचा, कुठल्या बटणावर कुठला सीन. पीडीएफ तो उघडत नाही.

राहिले विश्वस्त. त्यांना समजावण्यापेक्षा दाखवा. तयार झालेल्या एखाद्या खोलीत दोन रॅक समोरासमोर उभे करा, मधला बोळ खऱ्या मापाचा ठेवा, वर एकीकडे पॅनल आणि एकीकडे रॅकसाठीचं फिटिंग तात्पुरतं टांगा आणि संध्याकाळी सातला सगळ्यांना बोलवा. इलेक्ट्रिकल कन्सल्टंट आणि त्या कंपनीचा इंजिनिअरही असू दे. ग्रंथपालांना विसरू नका. खालच्या कप्प्यातला कॉल नंबर त्यांनाच वाचायला सांगा, आधी एका दिव्याखाली, मग दुसऱ्या.